तक्रारीखालची सही

तालुक्याच्या कचेरीतील पुरवठा शाखेत जे टपाल दररोज येऊन पडते, त्यात अधूनमधून एखादे पत्र असे असते की, ज्याचा मजकूर वाचण्यापूर्वी नुसती खालची सही पाहूनच अव्वल कारकुनाला त्याचे भवितव्य सांगता यावे. रेघी वहीच्या फाडलेल्या पानावर, ‘मे. तहसीलदार साहेब यांचे सेवेशी’ अशा अदबीच्या मायन्याने सुरू झालेल्या त्या पत्रात गावच्या रास्त भाव दुकानदाराची सारी कुंडली मांडलेली असते. माणशी पाच किलोऐवजी चारच किलो धान्य मिळते, पावती मागितली तर यंत्रातला कागद संपला आहे असे उत्तर येते, दुकान महिन्यातून दोनतीनच दिवस उघडते, आणि अमक्या तारखेच्या रात्री टेंपोतून पोती कोठे गेली हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. मजकूर तपशीलवार, भाषा संतप्त, आरोप बहुधा खरे. आणि सहीच्या जागी दोन शब्द : ‘समस्त ग्रामस्थ’. कायद्याच्या दृष्टीने समस्त ग्रामस्थ म्हणजे कोणीच नव्हे.

निनावी तक्रारींवर कार्यवाही करू नये, असे केंद्रीय दक्षता आयोगाने १९९९ साली आपल्या अखत्यारीतील खात्यांना बजावले होते, आणि तालुक्याच्या दप्तरातही रीत थोडीबहुत तीच आहे. या दंडकामागील कारण समजण्याजोगे आहे. हेवेदावे, भाऊबंदकी आणि ग्रामपंचायतीच्या निवडणुकीतील पराभव यांना वाट करून देण्यास तक्रारअर्जाइतके स्वस्त साधन आपल्या समाजात दुसरे नाही, आणि सरळमार्गी अधिकाऱ्याची उमेदीची वर्षे खुलासे लिहिण्यात गेल्याच्या कहाण्या महसूल खात्यात कोणीही सांगू शकेल. परंतु परिणाम असा झाला आहे की, नाव नसलेला अर्ज कोणी वाचत नाही, आणि नाव असलेला अर्ज ज्याच्याविरुद्ध लिहिला त्याच्याच हातात सर्वांआधी पडतो.

तो कसा पडतो, यात कारस्थान असतेच असे नाही; कित्येकदा ती निव्वळ कार्यपद्धती असते. अर्जावर आवक क्रमांक पडतो, ‘चौकशी करून अहवाल सादर करावा’ असा शेरा बसतो, अर्ज पुरवठा निरीक्षकाकडे जातो, आणि आरोपांची नक्कल देऊन दुकानदाराचा खुलासा घ्यावा हा न्यायाचा साधा संकेत असल्यामुळे, अर्जदाराचे नाव, गाव आणि हस्ताक्षर यांसह ती नक्कल दुकानाच्या गल्ल्यावर येऊन पोहोचते. मग निरीक्षक गावात येतात. त्यांची गाडी दुकानाच्याच ओट्यासमोर थांबते, चहा दुकानदाराच्याच घरून येतो, आणि कार्डधारकांचे जबाब त्याच ओट्यावर, त्याच्याच देखत घेतले जातात : ‘आम्हांस दरमहा नियमाप्रमाणे धान्य मिळते, दुकानदाराविषयी आमची कोणतीही तक्रार नाही.’ सातआठ जबाब शब्दशः सारखे, हस्ताक्षर एकाचे, अंगठे मात्र निरनिराळे. प्रकरण नस्तीबद्ध होते. पुढच्या महिन्यात अर्जदार रांगेत उभा राहतो तेव्हा नेमका त्याचा नंबर आला की यंत्राची रेंज जाते.

या लेखाच्या निमित्ताने असे अर्ज मी पुष्कळ वाचले, ते लिहिणाऱ्यांपैकी काहींच्या घरी गेलो, दुकानांच्या ओट्यांवर बसलो, आणि ज्यांच्या हातांतून हे कागद जातात त्या कारकुनांशी व निरीक्षकांशीही बोललो. त्यातून माझे एक मत बनले आहे, ते आधीच सांगून टाकतो. गरिबाच्या धान्यातील अफरातफर उघडकीस आणणे हे आपण धैर्याचे काम मानतो, आणि ते धैर्य नेमके त्या माणसाकडून मागतो की, ज्याची पुढच्या महिन्याची चूल त्याच दुकानदाराच्या मर्जीवर पेटावयाची असते. हा तगादा चुकीच्या दारी लावलेला आहे. बोलावयाचे ते दप्तराने बोलावयास हवे. आणि दप्तर जेथे गावासमोर मोठ्याने वाचले जाते, तेथे तक्रारदार नावाचा एकटा जीव पुढे करण्याची वेळच सहसा येत नाही.

शिधावाटप आणि शिधावाटपातील लबाडी या दोघी आपल्याकडे जवळजवळ जुळ्या बहिणी म्हणूनच आल्या. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती गेला, तेथून येणारा तांदूळ थांबला, आणि १९४३ च्या मे महिन्यात मुंबई शहरात शिधावाटप सुरू झाले. बंगालमध्ये लक्षावधी माणसे भुकेने मेली ती त्याच वर्षी. मुंबईची घडी बसविणाऱ्यांत ए. डी. गोरवाला या करड्या शिस्तीच्या सनदी अधिकाऱ्याचे नाव अग्रभागी होते. १९४७ च्या डिसेंबरात गांधीजींच्या आग्रहामुळे नियंत्रणे उठू लागली, भाव भडकले, आणि वर्ष उलटण्याच्या आत सरकारला ती पुन्हा आणावी लागली. मेलेल्याचे नाव कार्डावर जिवंत ठेवणे आणि गावी गेलेल्या भाडेकरूची साखर उचलणे या युक्त्या चाळकऱ्यांना पुढे इतक्या सवयीच्या झाल्या की, त्यांना कोणी गुन्हा म्हणेनासे झाले.

१९७२ च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेली मिलो ही लाल ज्वारी ज्यांनी खाल्ली, त्या पिढीला तिची चव अजून आठवते, आणि तिचे नाव काढताच ती पिढी तोंड वाकडे करते. त्याच वर्षी मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी, प्रमिला दंडवते अशा भिन्न पक्षांच्या बायका एका मोर्चात चालल्या आणि हातात लाटणे घेऊन त्यांनी मंत्र्यांना जाब विचारला. त्या चळवळीचे अनेक गुण सांगितले जातात. मला येथे प्रस्तुत वाटतो तो एवढाच की, त्या बायका शेकड्यांनी गेल्या. शंभर बायकांचा अर्ज घेऊन दुकानदार रात्री कोणाच्या दारात दम देण्यास जाणार?

आज महाराष्ट्रात राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखाली येणाऱ्या माणसांचा इष्टांक सुमारे ७ कोटींचा आहे. हा कायदा २०१३ चा. राज्यात तो १ फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला. प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसाला दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला सरसकट ३५ किलो धान्य द्यावयाचे, तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये, भरड धान्य १ रुपया किलो, असे मूळ दर होते. जानेवारी २०२३ पासून तेही माफ झाले. धान्य भारतीय अन्न महामंडळाच्या कोठारातून निघते, तालुक्याच्या शासकीय गोदामात येते, आणि द्वारपोच योजनेखाली कंत्राटदाराच्या ट्रकमधून दुकानाच्या दारी उतरते. या वाटेवर ते कोठेही नाहीसे होऊ शकते, आणि जितके वर तितके अधिक. २०१५ साली नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा येथील शासकीय गोदामातले धान्य परस्पर गेल्याचे प्रकरण विधिमंडळात गाजले आणि तहसीलदारांच्या निलंबनापर्यंत गेले. २०१८ च्या जुलैमध्ये नांदेड जिल्ह्यात कृष्णूर येथील औद्योगिक वसाहतीत पोलिसांनी छापा घातला, तेव्हा सरकारी धान्याचे ट्रक एका कारखान्याच्या आवारात उभे होते. सुरगाण्याचा आदिवासी काय, कृष्णूरचा शेतमजूर काय, त्याला आपल्या वाटची पोती कोणत्या दिवशी कोणत्या ट्रकात चढली हे कळण्याचा मार्गच नव्हता. त्याला दिसतो तो फक्त साखळीचा शेवटचा दुवा, म्हणजे तराजू. म्हणून त्याचा अर्जही तराजूपुरताच असतो.

आणि तराजूचीही कथा आता बदलली आहे. पूर्वी चोरी नोंदवहीत होत असे. दुकानदार महिन्याच्या अखेरीस बसून कार्डांचे क्रमांक लिही, समोर खोटे आकडे भरी, आणि ज्यांनी धान्य नेले नाही त्यांच्या नावावरही ते खपल्याचे दाखवी. नियोजन आयोगाच्या मूल्यमापन संघटनेने २००५ साली असा निष्कर्ष काढला होता की, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठी निघालेल्या अनुदानित धान्यापैकी सुमारे ५८ टक्के त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. ज्याँ द्रेज आणि रीतिका खेरा यांच्या हिशेबाप्रमाणे देशातील ही गळती २००४-०५ मध्ये ५४ टक्क्यांच्या घरात होती, ती २०११-१२ मध्ये ४२ टक्क्यांवर आली. नोंदवहीतली चोरी बंद व्हावी म्हणून मग ई-पॉस यंत्र आले. कार्डधारकाने आधारशी जोडलेला अंगठा टेकवावा, यंत्राने ओळख पटवावी, पावती बाहेर यावी, अशी ती व्यवस्था. आणि तिने भुतांची नावे बरीच घालविली, हे मान्य केले पाहिजे.

पण अंगठा माणसाची ओळख पटवितो, धान्याचे वजन पटवीत नाही. एका दुकानाच्या ओट्यावर मी जे पाहिले ते असे. ‘थंब लागला का?’ हा प्रश्न रांगेत सारखा चालला होता. लागला की बाईचा चेहरा उजळत होता, कारण कष्टाने झिजलेल्या बोटांचे ठसे उमटण्यासाठी तीनतीनदा हात धुवावे लागत होते. पाच माणसांच्या कुटुंबाची एक बाई पुढे झाली. थंब लागला, यंत्र बोलले, पंचवीस किलोंची नोंद झाली. पिशवीत पडले ते वीस. ‘शेठ, पावती?’ असे तिने विचारले. ‘रोल संपलाय, मावशी. आणि वरूनच कमी आलंय, मी काय घरात पिकवतो का?’ असे उत्तर आले, आणि ती पिशवी डोक्यावर घेऊन चालू लागली. आता या बाईने उद्या तक्रार केली तर पुरावा कोणाच्या बाजूचा? सरकारच्या यंत्रात पंचवीस किलो पोहोचल्याची नोंद आहे, आणि त्या नोंदीवर अंगठा तिचा स्वतःचा आहे. जुन्या नोंदवहीत दुकानदाराला खोटी सही करावी लागत असे आणि ती खोटी ठरविता येत असे. नव्या व्यवस्थेत चोरीच्या पावतीवर खरी सही लुटल्या गेलेल्या माणसाचीच असते! यंत्र बनविणाऱ्यांच्या मनात असे काही नव्हते, हे उघड आहे. परंतु तक्रार ऐकावयास बसलेला अधिकारी जेव्हा संगणकाच्या पडद्याकडे बोट दाखवून ‘तुमचाच थंब आहे, बाई’ असे म्हणतो, तेव्हा त्या बाईला त्या उघडपणाचा काही उपयोग नसतो.

वास्तविक कायद्यात कशाची उणीव म्हणून नाही. १९५५ चा जीवनावश्यक वस्तू कायदा आहे, ज्यात सात वर्षांपर्यंत कैद आहे. १९८० चा काळाबाजार प्रतिबंधक कायदा आहे, ज्याखाली सहा महिन्यांपर्यंत स्थानबद्ध करता येते. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संस्थेने २००१ साली सर्वोच्च न्यायालयात जी याचिका केली, तिच्यात न्यायालयाने २ मे २००३ रोजी दिलेला हुकूम तर प्रत्येक दुकानाच्या दारावर टांगावा असा आहे : जो दुकानदार ठरल्या काळात दुकान उघडे ठेवीत नाही, ठरल्या दराने धान्य देत नाही, गरिबांची कार्डे स्वतःपाशी अडकवून ठेवतो, त्यांत खोट्या नोंदी करतो किंवा धान्य काळ्या बाजारात नेतो, त्याचा परवाना रद्द करावा. पुढे २०१३ च्या कायद्याने जिल्हा तक्रार निवारण अधिकारी नेमला, राज्य अन्न आयोग नेमला, आणि राज्यापासून दुकानापर्यंत दक्षता समित्या नेमावयास सांगितले. धान्य न मिळाल्यास त्याबद्दल अन्नसुरक्षा भत्ता रोख द्यावा, असेही त्यात आहे. तो भत्ता मागणारा अर्ज माझ्या पाहण्यात आला नाही. तक्रार निवारण अधिकाऱ्याने सुचविलेली दाद सबळ कारणाशिवाय न देणाऱ्या सरकारी नोकराला दंड आहे, तो कमाल ५,००० रुपये. १९६७ या क्रमांकावर दूरध्वनीनेही तक्रार नोंदविता येते. मात्र ती नोंदवून घेतल्यानंतर कागद फिरत फिरत ज्या टेबलावर येतो, ते टेबल वर वर्णन केलेलेच असते.

गावच्या दक्षता समितीविषयी बोलताना लोक हसतात. सरपंच अध्यक्ष, सदस्यांत स्त्रिया व मागासवर्गीय हवेत, दुकानावर देखरेख ठेवावी आणि गैरप्रकार दिसल्यास लेखी कळवावे, असा तिचा थाट. परंतु मी ज्या गावांत विचारले तेथील कित्येक सदस्यांना आपण सदस्य आहोत हीच बातमी माझ्याकडून कळली. एका गावात समितीतील एक बाई दुकानदाराची सख्खी भावजय होती, आणि तिचे म्हणणे असे की, घरातलेच माणूस असल्यामुळे आपली देखरेख अधिक जवळून चालते. यावर मला उत्तर सुचले नाही.

भीती मात्र हसण्यासारखी नाही. २५ जानेवारी २०११ रोजी, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी, मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ पानेवाडी परिसरात इंधनाच्या भेसळीचा प्रकार आढळला. ते तेथे थांबले, चौकशी करू लागले, आणि त्यांना भर दिवसा जिवंत जाळण्यात आले. ज्या रॉकेलची भेसळ त्या धंद्यात चाले, ते गरिबाच्या कार्डावरचेच रॉकेल होते. दोन दिवसांनी राज्यभरच्या सरकारी कर्मचाऱ्यांनी काम बंद ठेवले. दिल्लीत त्याआधी, २००४ च्या डिसेंबरात, ‘परिवर्तन’ संस्थेची तरुण कार्यकर्ती संतोष कोळी हिच्या गळ्यावर वार झाला होता. झोपडवस्तीतील शिधावाटप दुकानांच्या नोंदवह्या माहितीच्या अधिकाराखाली मागवून त्या घरोघर पडताळून पाहणे हा तिचा उद्योग होता. ती त्या वेळी वाचली. जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०१४ साली संमत केला, राष्ट्रपतींची संमतीही त्याला मिळाली. तो अंमलात आणण्याची अधिसूचना मात्र निघालेली नाही. अपर जिल्हाधिकाऱ्याला जे संरक्षण मिळाले नाही, ते रेघी वहीच्या पानावर अर्ज लिहिणाऱ्या भूमिहीन मजुराला कोठून मिळावे?

तेव्हा अर्ज लिहिले जातात ते निराळ्या दिशेने. पुरवठा शाखेत येणाऱ्या तक्रारींत एक मोठा गठ्ठा शेजाऱ्यांविरुद्ध असतो, आणि तो वाचताना मन खिन्न होते. अमक्याच्या घरी दुचाकी आहे तरी तो पिवळे कार्ड वापरतो. तमकीचा मुलगा पुण्याला कंपनीत आहे. फलाण्याने स्लॅब टाकला. या अर्जांना मात्र खाली सह्या असतात, कारण शेजारी वजन मारू शकत नाही. आणि या तक्रारी खोट्या असतात असेही नाही! प्राधान्य गटात येण्यासाठी राज्याने वार्षिक उत्पन्नाची जी मर्यादा घातली, ती ग्रामीण भागात ४४,००० रुपये आणि शहरी भागात ५९,००० रुपये आहे. रोजगार हमीची मजुरी राज्यात दिवसाला ३०० रुपयांच्या आसपास आली आहे; म्हणजे घरातील एकाच माणसाने वर्षातून दीडशे दिवस कुदळ मारली तरी ते कुटुंब मर्यादेबाहेर गेले. घरात नवराबायको दोघे राबत असतील तर पावसाळा सुरू होण्यापूर्वीच ते श्रीमंतांत जमा. मर्यादा अशी आखावयाची की, खरे बोलणारा प्रत्येक गरीब अपात्र ठरावा, आणि मग अपात्र शिधापत्रिका शोध मोहीम काढावयाची. यातून शेजाऱ्याला शेजाऱ्याच्या उंबऱ्यावर पाळत ठेवावयास लावण्यापलीकडे काय साधते, हे मला अजून कोणी पटवून दिलेले नाही.

सधन माणसाने कार्ड वापरू नये, यात वाद नाही. बागायतदार, पगारदार नोकर आणि बंगलेवाले कार्डधारकांच्या याद्यांत आहेत, त्यांनी बाहेर पडावे म्हणून सरकारने आवाहने केली, आणि काहीजण पडलेही. परंतु दुचाकीवाल्याचा माणशी पाच किलो तांदूळ आणि कृष्णूरच्या आवारात उभा राहिलेला ट्रक यांना ‘गैरप्रकार’ या एकाच मथळ्याखाली बसविणे हा हिशेबातील घोटाळा आहे. खालच्या दिशेने दाखविलेले बोट सरकारलाही सोयीचे पडते, कारण रद्द केलेल्या कार्डांचा आकडा सभागृहात सांगता येतो. त्या आकड्यात कोण असते, हे झारखंडने दाखविले. तेथे सिमडेगा जिल्ह्यात २०१७ च्या सप्टेंबरात एक अकरा वर्षांची मुलगी मरण पावली. आधारशी न जोडल्यामुळे तिच्या घराचे कार्ड रद्द झाले होते. सरकारने मृत्यूचे कारण मलेरिया सांगितले, आईने भूक सांगितले. त्या राज्यातील रद्द कार्डांची पुढे अभ्यासकांनी पडताळणी केली, तेव्हा त्यांतील बहुसंख्य कार्डे खऱ्याखुऱ्या कुटुंबांची निघाली. बोगस कार्डाची तक्रार करणारा खिडकीत उभा राहू शकतो. ज्याचे खरे कार्ड बोगस ठरले तो कोणत्या खिडकीत जातो? सध्या ई-केवायसीच्या मुदतींची धामधूम चालली आहे, आणि ऊसतोडीला गेलेल्या, वीटभट्टीवर बसलेल्या, अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या नावांपुढे शेरे पडत आहेत.

आता दुकानदाराची कैफियत. ती ऐकल्याशिवाय निवाडा करू नये, असे मला एका निवृत्त गोदामपालांनी बजावले होते. दुकानदाराला क्विंटलमागे १५० रुपये मिळत, ते २०२५ च्या ऑगस्टात मंत्रिमंडळाने १७० केले. महिन्याला शंभर क्विंटलांचे दुकान धरले तर सतरा हजार रुपये. त्यात जागेचे भाडे, वीज, मापाड्या, आणि वर्षाचे बारा महिने यंत्राशी झटापट. गोदामातून येणारे पोते पन्नास किलोंचे म्हणून उतरते, पण बारदान, ओल, सांडलवंड आणि वाटेतले हात यांमुळे ते भरत नाही, हे प्रत्येक दुकानदार शपथेवर सांगतो. मग ही तूट त्याने वर का कळवू नये? कारण त्याचे नियतन, त्याच्या दुकानाची तपासणी आणि त्याच्या प्राधिकारपत्राचे नूतनीकरण ज्यांच्या हाती, तक्रार त्यांच्याविरुद्धच करावयाची असते. म्हणजे ओट्याच्या खाली उभ्या असलेल्या बाईची जी स्थिती, तीच ओट्यावर बसलेल्या शेठची. तो एवढेच करतो की वरचे माप खाली उतरवून देतो, आणि उतरविताना आपल्या अंगचे थोडे घालतो. २०२२ च्या दिवाळीत शंभर रुपयांत ‘आनंदाचा शिधा’ वाटला गेला, त्यात रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल अशी चारच जिन्नसे होती, आणि ती छापील पिशवीतून सीलबंद यावयाची होती. अनेक ठिकाणी सर्व जिन्नसे एकाच वेळी पोहोचली नाहीत. परंतु पाकिटातल्या साखरेचे वजन मारता येत नाही, हे एका दुकानदारानेच हसत हसत माझ्या लक्षात आणून दिले.

दप्तराला बोलते करण्याचे प्रयोग इतरत्र झालेले आहेत. छत्तीसगडने २००४ साली दुकाने खाजगी व्यापाऱ्यांकडून काढून ग्रामपंचायती, सहकारी संस्था आणि बचत गट यांच्याकडे दिली, धान्याचे ट्रक पिवळे रंगविले, आणि गोदामातून ट्रक सुटला की नोंदणी केलेल्या गावकऱ्यांच्या मोबाइलवर संदेश जाऊ लागला. यात गावकऱ्याला शूर व्हावे लागत नाही. त्याला फक्त माहीत असावे लागते. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून जनसुनावण्या भरविल्या, त्यांतही मर्म हेच की, सरकारी कागद सभेत वाचून दाखविला की खोटी नोंद आपोआप बोलू लागते. आपल्याकडे यासाठी नवे काही शोधावयाचे नाही. चावडी वाचन ही महसुलाची जुनी पद्धत आहे. शिधापत्रिकांच्या याद्या चावडीवर वाचाव्यात असे आदेशही निघालेले आहेत. राज्याच्या ई-पॉस संकेतस्थळावर शिधापत्रिकेचा बारा अंकी क्रमांक घातला की, त्या कार्डावर किती धान्य मंजूर झाले आणि कोणत्या तारखेस उचलले गेले, हे कोणासही पाहता येते.

सह्याद्रीच्या पायथ्याच्या एका आदिवासी तालुक्यातील पाड्यावर हेच संकेतस्थळ मी चावडीवर वाचले जाताना पाहिले. दहावी झालेल्या एका मुलीने मोबाइल हातात घेतला आणि कार्डामागून कार्ड वाचावयास सुरुवात केली : नाव, माणसे, महिना, किलो. प्रत्येक नावाला त्या त्या घरचे माणूस उठून आपल्याला काय मिळाले ते सांगत होते, आणि दुसरा एक मुलगा वहीत दोन रकाने भरीत होता. प्रथम कोणी बोलेना. चौथ्यापाचव्या नावाला एक म्हातारी म्हणाली की, तिच्या कार्डावर यंत्राने पस्तीस सांगितले तरी तिने आयुष्यात एकदम पस्तीस किलो धान्य पाहिलेले नाही. तेव्हा लोक हसले, आणि मग बोलू लागले. दुकानदारालाही निरोप गेला होता. तो आला, कोपऱ्यात बसला, आणि शेवटी उठून म्हणाला की, पोती मोजून घेतो पण वजन करून घेत नाही, गोदामात तशी सोयच नाही. हेही त्या वहीत लिहून घेण्यात आले. म्हातारीने त्याला ‘बस रे बाबा, तुझंबी लिवलंय’ असे सांगितले.

त्या वहीवरून अर्ज तयार झाला. त्यात दुकानाचा क्रमांक आहे, प्रत्येक शिधापत्रिकेचा क्रमांक आहे, यंत्रातील नोंद आणि हाती आलेले धान्य यांतील तफावत महिन्यानिशी मांडलेली आहे, आणि गोदामात पोत्यांचे वजन करून द्यावे अशी एक मागणी खुद्द दुकानदाराच्या वतीनेही आहे. खाली ‘समस्त ग्रामस्थ’ असे लिहिलेले आहे, आणि त्याखाली अडीच पानेभर नावे व अंगठे. एक प्रत तहसीलदारांना, एक जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्यांना, एक राज्य अन्न आयोगाला, अशा प्रती रीतसर रवाना झाल्या असून पोहोचपावत्या त्या मुलीने आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवल्या आहेत. हा लेख छपाईला जाईपर्यंत दुकानदाराला कारणे दाखवा नोटीस निघाली आहे. गोदामाच्या वजनकाट्याविषयी उत्तर आलेले नाही. सुनावणीची तारीख दिवाळीनंतरची पडली आहे.